‘वगैरे’ आणि काला : वसतिगृहातील मौज, मैत्री व मराठी कथन

१

भागवताच्या दशम स्कंधातील सुदाम्याची कथा कीर्तना-आख्यानांतून मराठी मनाला इतकी परिचित झाली आहे, की ती मुळात दोन सहाध्यायांची कथा आहे याचाच विसर पडावा. सांदीपनींच्या आश्रमात एकत्र राहिलेले दोन विद्यार्थी पुष्कळ वर्षांनी भेटतात. एक द्वारकेचा धनी झाला आहे. दुसऱ्याच्या घरी अन्नाची भ्रांत आहे. या भेटीत दोन गोष्टी घडतात. गुरुपत्नीने सरपणासाठी रानात धाडले असता वादळपावसात काढलेल्या रात्रीची आठवण कृष्ण सुदाम्याला करून देतो. आणि सुदाम्याने संकोचाने दडवलेली पोह्यांची पुरचुंडी तो त्याच्याकडून ओढून घेतो. परंपरेने या प्रसंगांत भक्तवात्सल्य पाहिले, कारण पाहणाऱ्याला समोर भगवंत दिसत होता. आश्रमाची बाजू ध्यानात घेतली, तर मात्र जुन्या रात्रीची गोष्ट काढणे आणि घरून आलेल्या फराळावर झडप घालणे या दोन्ही क्रिया वसतिगृहाच्या कोणत्याही खोलीत शोभाव्यात अशा आहेत. दुसरी मौज आहे. पहिली सहवासाचे स्मरण. यात एक बारकावाही आहे. आठवण काढतो तो कृष्ण. ज्याचे पुढे बरे झाले, त्यालाच जुन्या हालअपेष्टांची गोडी वाटू शकते. सुदामा त्यावर भक्ताचे उत्तर देतो. त्या रात्रीची थंडी त्याला कशी लागली होती, हे कथेबाहेरच राहते.

मराठी समीक्षेने विनोदाचा विचार पुष्कळ केला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांना ‘सुदाम्याचे पोहे’ हेच नाव दिले, न. चिं. केळकरांनी ‘हास्य-विनोद-मीमांसा’ लिहून विनोदाला शास्त्राची बैठक देण्याचा प्रयत्न केला, पुढे चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे यांच्या निमित्ताने विसंगती, अतिशयोक्ती, उपहास या संज्ञा रूढ झाल्या. परंतु विनोद आणि मौज या एक गोष्टी नव्हेत. विनोदाला आकार असतो. तो एका मुखातून दुसऱ्या मुखात जाऊ शकतो आणि त्रयस्थालाही हसवतो. मौज ही तिच्यात भाग घेणाऱ्यांच्या मालकीची असते. रात्री दोन वाजता चौघांनी मिळून एका स्टोव्हवर केलेल्या चहात विसंगती कोणतीच नसते, आणि तरी त्या चौघांना तो चहा जन्मभर पुरतो. पाचव्याला त्याची हकिकत सांगू गेले, तर सांगणाराच मध्ये थांबतो आणि ‘तू तिथे असायला हवे होतेस’ असे म्हणून विषय सोडून देतो. या शब्दाचा मूळ फारसी-अरबी अर्थ ‘लाट’ असा आहे, आणि लाटेप्रमाणेच मौज ओंजळीत धरून नेता येत नाही.

काव्यशास्त्राकडे वळले, तरी फारशी मदत होत नाही. हास्याला रसव्यवस्थेत स्थान आहे, मैत्रीला नाही. रुद्रटाने ‘प्रेयान्’ नावाचा रस मानून त्याचा स्थायी भाव स्नेह सांगितला, पण उत्तरकालीन मुख्य परंपरेने तो स्वीकारला नाही. भक्तिशास्त्राने सख्याला नवविधा भक्तीत आठवे स्थान दिले, तेही देवाशी जडणाऱ्या सख्याला. दोन सामान्य माणसांनी काही कार्यकारण नसता एकमेकांच्या संगतीत वेळ घालवावा, या अनुभवाला साहित्यविचारात स्वतंत्र संज्ञा मिळाली नाही. परिणामी अशा अनुभवाचे कथन समोर आले, की समीक्षा त्याला एक तर विनोदाच्या खात्यात टाकते, नाही तर ‘खरा आशय’ सुरू होण्यापूर्वीचे वातावरण समजून ओलांडून जाते. वसतिगृहाचे चित्रण करणाऱ्या मराठी लेखनाचे बहुधा हेच झाले आहे. मौजेचे कथन कसे केले जाते आणि ते कोणाला परवडते, हे दोन प्रश्न त्या लेखनाला विचारून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२

प्रथम त्या जागेचा विचार करावयास हवा. मराठीत तिला निदान चार नावे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी सहज घालता येत नाहीत. ‘वसतिगृह’ हा कागदोपत्रीचा शब्द. ‘छात्रालय’ या शब्दाला राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयवादाचा वास आहे. ‘होस्टेल’ म्हटले, की कॉलेज, खोलीचे भाडे, मेसचे बिल आणि घरून येणारी मनिऑर्डर हे चित्र उभे राहते. ‘बोर्डिंग’ या शब्दामागे मात्र वर्गणी, देणगी, धान्याची पोती आणि फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळणारी भाकरी असते. इंग्रजीतून आलेले हे दोन शब्द मराठीने दोन सामाजिक स्तरांना वाटून दिले, ही गोष्ट कथनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बोर्डिंगचा इतिहास हा महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणेचाच एक इतिहास आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि नंतर जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघत गेली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहे ही त्या काळाची निकड होती. अन्नपाण्याचे निर्बंध असे होते, की पंगत वेगळी असल्याशिवाय मुलगा शहरात राहूच शकत नव्हता. पण या सोयीतच तिची मर्यादा होती. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात विद्यार्थी असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. पुढे रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन करून त्यांनी १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीला जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. एकत्र जेवणे ही होस्टेलमध्ये सवय असते. इथे ती प्रतिज्ञा होती.

छात्रालयाचे चित्र साने गुरुजींमुळे मराठी वाचकाच्या मनात स्थिर झाले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते छात्रालयाची व्यवस्था पाहत. मुलांच्या खोल्या आवराव्या, त्यांचे कपडे धुवावे, आणि रोज स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहून त्यांच्यासमोर ठेवावे, असा त्यांचा क्रम होता. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीला याच अनुभवाचा आधार आहे. परंतु तेथील दृष्टी चालकाची आहे. ती कितीही मातृहृदयी असली, तरी मुलांच्या मौजेकडे ती तिच्यातून पुढे काय निष्पन्न होणार आहे या अपेक्षेने पाहते. मैत्री तेथे ध्येयाची पूर्वतयारी असते. मुले धडपडतात ती कशासाठी तरी. खोलीचे दार लावून घेतल्यावर, चालकाच्या माघारी, मुले जे काही निरर्थक करीत असतील ते या कथनाच्या टप्प्यात येत नाही. ते टप्प्यात येण्यासाठी निवेदकाला खोलीत बसावे लागते.

३

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) निवेदक खोलीत बसलेला आहे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर पंचविसाव्या वर्षी आपली हकिकत सांगतो, आणि तिचा मोठा भाग वसतिगृहात, हॉटेलांत, टेकड्यांवरच्या भटकंतीत घडतो. या कादंबरीवरची समीक्षा विपुल आहे. परात्मता, अस्तित्ववाद, निरर्थकतेची जाणीव, सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी असलेले नाते, पुढच्या काळात देशीयता आणि महानुभाव गद्याशी असलेला शैलीचा अनुबंध ही या समीक्षेची परिचित सूत्रे होत. त्यांतील बहुतेकांचा रोख कादंबरीच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे धाकट्या बहिणीचा मृत्यू, परीक्षेतील अपयश आणि गावाकडे परतणे या भागाकडे आहे. पूर्वार्धातील वसतिगृहाची धमाल ही त्या दृष्टीने फार तर पोकळपणाचा पुरावा ठरते. नायकाला आयुष्य निरर्थक वाटणार आहे, म्हणून तो आधीपासून निरर्थक गोष्टी करतो, असा हा उलट्या दिशेचा युक्तिवाद आहे.

‘कोसला’च्या गद्याची ओळख म्हणून ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांचा उल्लेख नेहमी होतो. हे शब्द अर्थाचा फोलपणा दाखवतात, बोलणे मध्येच सोडून देणारा कंटाळा दाखवतात, असे त्यांचे स्पष्टीकरण दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मराठी बोलण्यात ‘वगैरे’ केव्हा येते, याचा विचार केला पाहिजे. यादी पूर्ण करण्याचे कारण उरत नाही तेव्हा ते येते; आणि ऐकणाऱ्याला उरलेले ठाऊक आहे असे बोलणाऱ्याने गृहीत धरले, की ते कारण उरत नाही. ‘लग्नाला काका, मामा वगैरे आले होते’ हे वाक्य ज्याला ते घर माहीत आहे त्याच्यासाठीच पूर्ण आहे. अपरिचिताला ते वाक्य अर्धे आहे. म्हणजे ‘वगैरे’ हा पोकळीचा शब्द असण्याआधी सामाईक माहितीचा शब्द आहे. दोघांना मिळून जे ठाऊक आहे, त्याची ती खूण आहे.

या दृष्टीने पाहिले, तर मौजेच्या कथनाचा जो मूळ पेच वर सांगितला, त्याची उकल नेमाड्यांनी याच शब्दाने केली असे दिसते. मौज त्रयस्थाला सांगता येत नाही. म्हणून कादंबरी वाचकाला त्रयस्थ राहूच देत नाही. पांडुरंग स्पष्टीकरण देत बसत नाही. मित्रांची ओळख तो रीतसर करून देत नाही. नावे येतात, टोपणनावे येतात आणि वाचक ती हळूहळू शिकतो, जसा नवा मुलगा पहिल्या सत्रात शिकतो. ‘उदाहरणार्थ’ म्हणून एक तुकडा दिला जातो आणि ‘वगैरे’ म्हणून बाकीचे वाचकावर सोपवले जाते. आपल्याला हे सर्व ठाऊक आहे असे निवेदक धरून चालला आहे, हे वाचकाला जाणवते. आणि अशा गृहीत धरले जाण्यातच मैत्रीची सुरुवात असते. काही पानांनंतर वाचक श्रोता न राहता खोलीतला दुसरा मुलगा होतो. १९६३ नंतरच्या पिढ्यांतील मुलांनी, विशेषतः खेड्यांतून शहरात शिकावयास गेलेल्यांनी, ही कादंबरी ज्या आपलेपणाने वाचली, त्या आपलेपणाचे मूळ तत्त्वज्ञानापेक्षा या व्याकरणात शोधणे अधिक उचित होईल.

बहिणीच्या मृत्यूचा आघातही यामुळेच वेगळ्या रीतीने समजून घेता येतो. वसतिगृहातील मित्रांना सर्व काही ठाऊक असते असे ज्या जगात धरलेले आहे, त्या जगात ही एकच गोष्ट अशी येते, की जी त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक करून देता येत नाही. घरचे मरण खोलीत आणता येत नाही. दुःख मौजेहून अधिक खरे असते म्हणून मौज खोटी ठरली, असा हिशेब कादंबरी मांडत नाही. सामाईक भाषेची हद्द कुठे संपते, ते ती दाखवते. हद्द दिसावयाची, तर आधी प्रदेश असावा लागतो, आणि तो प्रदेश पूर्वार्धातील धमालीने तयार केलेला आहे. पांडुरंग आणि त्याचे मित्र स्वतःच्याच काळाकडे दूरच्या भविष्यातील इतिहासकाराच्या नजरेने पाहण्याचा जो खेळ खेळतात, त्यातही हीच जाण आहे. इतिहासकाराला भांडी, विटा, नाणी सापडतील. त्यांच्याभोवतीचे ‘वगैरे’ सापडणार नाही.

तथापि हा आपलेपणा कशावर उभा आहे, हेही कादंबरीच सांगते. पांडुरंगाच्या वसतिगृहजीवनाला पैशाच्या हिशेबाची सलग किनार आहे. मेसची जबाबदारी अंगावर घेऊन तो खोटीत येतो; वडिलांचा पैसा, वडिलांचा संताप आणि त्याचा स्वतःचा अपराधभाव यांची गाठ सुटत नाही. तो चिडतो, उधळतो, पण पैसा घरून येतो. मौजेला लागणारा रिकामा वेळ हा कोणाच्या तरी शेतातून आलेला असतो. नेमाड्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही, आणि म्हणूनच ‘कोसला’ ही होस्टेलची कादंबरी आहे, बोर्डिंगची नव्हे, हे नेमकेपणाने म्हणता येते.

४

बोर्डिंगचे कथन ‘वगैरे’वर भागवू शकत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरच्या बोर्डिंगातील दिवस येतात. या आत्मकथनाची रचना सुपरिचित आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे असे दोन भाग करण्यामागे शहरी, सुशिक्षित झालेल्या ‘स्व’ला मागे टाकलेल्या ‘स्व’समोर उभे करण्याचा हेतू आहे, हे समीक्षेने नोंदवले आहे. मौजेच्या दृष्टीने या रचनेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. दगडूला ‘वगैरे’ म्हणता येईल असा श्रोता मराठी वाचकवर्गात १९७८ साली बव्हंशी नव्हता. पुस्तके विकत घेणाऱ्या वाचकाला महारवाडा ठाऊक नव्हता, बोर्डिंगची भाकरी ठाऊक नव्हती. त्याला प्रत्येक गोष्ट सविस्तर सांगावी लागणार होती. ज्याला न सांगता कळते असा श्रोता स्वतःतूनच निर्माण करावा लागला. ‘कोसला’त निवेदक वाचकाला खोलीत घेतो, ‘बलुतं’मध्ये वाचक दाराशी उभा राहून आतल्या दोघांचे बोलणे ऐकतो. हा शैलीचा फरक नाही. सामाईक माहितीची समाजात जी वाटणी झालेली आहे, तिचा तो फरक आहे.

याच ठिकाणी ‘काला’ ही वारकरी संकल्पना समीक्षेच्या उपयोगी पडते. गोपाळकाल्यात प्रत्येक जण आपली शिदोरी सोडतो, सर्वांचे एकत्र कालवले जाते, आणि कृष्ण गोपाळांच्या हातचे, त्यांच्या तोंडचे उष्टे खातो. ज्ञानदेव-नामदेवांपासून तुकोबांपर्यंत संतांनी काल्याचे अभंग रचले आहेत, आणि सप्ताहाची समाप्ती आजही काल्याच्या कीर्तनाने होते. काल्याचे वैशिष्ट्य असे, की तो दान नव्हे. कोणाची भाकरी कोणती, हे कळेनासे होते. म्हणून कोणी कोणाचा उपकारकर्ता उरत नाही. घरून आलेल्या डब्यावर वसतिगृहात जी झडप पडते, तिचे स्वरूप नेमके हेच आहे. मागून घेतले तर ते दान होईल. ओढून घेतले, की त्याचा काला होतो. कृष्णाने पोहे मागितले नाहीत, ओढले, यातले सौजन्य या दृष्टीने विलक्षण आहे. सुदाम्याला देणारा होण्याचा संकोच त्याने वाचवला.

परंतु उष्टे खाण्याची हीच क्रिया काल्याबाहेर अगदी उलट अर्थाची होते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले वेगळी बसून जेवतात आणि त्यांचे उरलेले अन्न महारांच्या मुलांना मिळते. दिवस मौजेचा आहे, रान आहे, शिदोऱ्या आहेत. काल्याचे सर्व साहित्य जुळलेले आहे, फक्त काला नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षक सहलीवर निबंध लिहावयास सांगतात, आणि त्या मुलाला लिहिता येत नाही. मराठी शाळेने वर्षानुवर्षे गिरवून घेतलेल्या ‘आमची सहल’ या निबंधात मौज सर्वांची असते असे गृहीत आहे. ‘अक्करमाशी’तील तो कोरा कागद या गृहीताची परीक्षा घेतो. संस्था मौजेचे वर्णन मागते; ते देण्यासाठी जे सामाईक असावे लागते, ते तिने निर्माण केलेले नसते.

यावरून दलित आत्मकथनांत मौज नाही, असा निष्कर्ष काढणे हा मोठा अन्याय होईल. दुःखाचा दस्तऐवज म्हणूनच ही पुस्तके वाचण्याची सवय मध्यमवर्गीय समीक्षेला लागली आणि त्यांतील हसणे तिला ऐकू आले नाही. औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाभोवती, नागसेनवनाच्या परिसरात, मराठवाड्यातून आणि त्याहून दूरच्या भागांतून आलेली मुले एकत्र राहिली. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांच्या सहवासात तेथे जी साहित्यिक चळवळ वाढली, तिचा इतिहास अधिवेशने, ठराव, ‘अस्मितादर्श’चे अंक या क्रमाने लिहिला जातो. पण एका खोलीत कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात एकमेकांची कविता ऐकून केलेली टिंगल, एकाच्या सदऱ्यावर दुसऱ्याने दिलेली परीक्षा, असल्या गोष्टींवाचून कोणतीही चळवळ उभी राहत नाही. ज्यांना गावात एकमेकांशिवाय कोणी ‘अरे’ म्हणून बरोबरीने हाक मारली नव्हती, त्यांना शहरातील बोर्डिंगने प्रथमच ‘वगैरे’ म्हणता येईल असे सोबती दिले. दलित साहित्याची भाषा धीट झाली, तिच्यामागे या खोल्यांतील बोलणे असले पाहिजे.

५

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी मागे जातो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा त्यात आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि ‘माझे पुराण’ या नावाने त्यांनी आपली कहाणी सांगितली. विधवेने मोठ्याने हसू नये, समारंभात दिसू नये, असा ज्या घरांचा दंडक होता, त्या घरांतून आलेल्या मुली एका छताखाली राहू लागल्या. शिक्षण मिळाले, ही सुधारणेच्या इतिहासातील नोंद झाली. बरोबरीच्या मैत्रिणी मिळाल्या, ही गोष्ट त्या इतिहासात दुय्यम राहिली. वस्तुतः ज्यांना मौजेचा अधिकारच नव्हता, त्यांच्या आयुष्यात ती आली, हे लहान परिवर्तन नव्हे. १८९६ साली कर्व्यांनी स्थापलेली आणि पुढे हिंगण्यात वाढलेली संस्था या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. मुलींच्या वसतिगृहाचे दार आजही अनेक ठिकाणी मुलांच्या वसतिगृहाआधी बंद होते. मध्यरात्रीच्या भटकंतीतून ‘कोसला’सारखे कथन निर्माण होते, दार आठला बंद होत असेल, तर कथनाला खोलीतच वळावे लागते. मराठी कादंबरीत मुलींच्या होस्टेलची मौज विरळा का दिसते, या प्रश्नाचे एक उत्तर वेळापत्रकात आहे.

मौजेच्या नावाखाली चालणाऱ्या क्रौर्याचाही विचार येथे टाळता येत नाही. नव्या मुलांना छळण्याला ‘गंमत’ म्हणण्याची प्रथा इतकी जुनी होती, की तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला १९९९ साली कायदा करावा लागला आणि २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला देशभरासाठी विनियम काढावे लागले. थट्टा आणि छळ यांत भेद कोणता, याचे उत्तर विनोदमीमांसेत सापडत नाही, कारण विसंगती दोन्हीकडे असते. काल्याच्या कल्पनेत मात्र ते सापडते. ज्याची थट्टा झाली त्याला ती तितक्याच मोकळेपणाने परतवता येत असेल, तर ती मौज. परतवण्याचा हक्क नसेल, तर तो अधिकाराचा वापर. ज्याचा डबा ओढला जातो, त्याला ओढणाऱ्याचा डबा ओढता आला पाहिजे. टोपणनावांनाही हीच कसोटी लावता येईल. गावावरून, उंचीवरून, खाण्यावरून पडलेले नाव परतवता येते. जातीवरून पडलेले नाव परतवता येत नाही, कारण उलट फेकण्यासाठी तितके जड दुसऱ्याकडे काही नसते.

६

वसतिगृहाविषयीच्या लेखनाचा फार मोठा भाग स्मरणरंजनाचा आहे. दिवाळी अंकांतील आठवणी, माजी विद्यार्थ्यांचे गौरवग्रंथ, लोकप्रिय कादंबऱ्या यांतून तो सतत वाढत असतो. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ साली आली आणि २०१३ साली तिच्यावरील चित्रपटाने नवी पिढी तिच्याकडे वळली. कट्ट्यावरच्या मैत्रीला वाचक किती आसुसलेला असतो, याचा तो पुरावा आहे आणि त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मात्र स्मरणरंजनाची पद्धत कृष्णाची असते. पावसाची रात्र सर्वांनाच गोड होती, असे ते धरून चालते आणि ‘ते दिवस’ या शब्दांत सर्वांचे दिवस एक करून टाकते. ‘वगैरे’ मागे मित्र गृहीत असतो. ‘ते दिवस’ मागे मित्राची संमती गृहीत असते. दोहोंतील अंतर ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

हा प्रश्न केवळ साहित्यापुरता नाही. २०१८ साली महाराष्ट्रातील शासकीय आदिवासी वसतिगृहांत मेसच्या जेवणाऐवजी भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले, तेव्हा त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले होते. रक्कम पुरते की नाही, वेळेवर मिळते की नाही, हे त्या वादाचे उघड मुद्दे होते. पण खात्यात पैसे येतात, पंगत येत नाही. ज्या पंगतीसाठी साताऱ्यात एका स्त्रीने मंगळसूत्र मोडले, ती पंगत ही खर्चाची बाब आहे की शिक्षणाची, हा त्यामागचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर द्यावयाचे, तर एकत्र जेवताना, भांडताना, डबा ओढताना नेमके काय घडत असते, ते आधी वाचता आले पाहिजे.

मराठी कथनाने ते अनेक परींनी लिहून ठेवले आहे. ‘कोसला’ने वाचकाला खोलीत घेतले, ‘बलुतं’ने त्याला दाराशी उभे केले, ‘अक्करमाशी’ने त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला. या तिन्ही जागा एकाच इमारतीच्या आहेत. वसतिगृहाचे कोणतेही कथन हाती आले, की पोहे कोणी ओढले, ते उलट ओढण्याची मुभा कोणाला होती, आणि पावसाची ती रात्र आज कोण सांगत आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी मौज ही आशयाच्या आधीची करमणूक न राहता आशय म्हणून दिसू लागते. सुदाम्याची बाजू अजून पुरती सांगून झालेली नाही, हेही मग ध्यानात येते.